ज्यूद्वेषाच्या घटनेची नोंद: शब्द जसेच्या तसे

समाजकार्याचं शिक्षण घेणाऱ्या, सध्या मँचेस्टरमध्ये असलेल्या एका मराठी विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिला सहा महिन्यांच्या प्रत्यक्ष कामासाठी अशा ठिकाणी घेतलं आहे जिथे ज्यू लोकांविरुद्धच्या द्वेषाच्या घटना नोंदवल्या जातात. ती विचारते: "घटना ज्यूद्वेषाची आहे हे ठरवायचं कसं? इस्रायलवरची टीका आणि ज्यूद्वेष यांच्यातली रेघ कुठे ओढायची? आकडे दुप्पट झाले म्हणजे द्वेष दुप्पट झाला का? आणि आपल्याकडे भारतात अशी नोंद कोणी ठेवतं का?"

मी मूळची ठाण्याची. गेली एकोणीस वर्षं उत्तर लंडनमध्ये द्वेषाच्या घटनांच्या तक्रारी घेते. त्यात ज्यूंच्या बऱ्याच, मुस्लिम, शीख, हिंदू आणि कृष्णवर्णीयांच्याही असतात. वयाने तुझ्यापेक्षा खूप मोठी असणार, म्हणून अरेतुरे करते.

ठरवण्याचा प्रश्न नंतर घेऊ. त्याच्या आधीचं एक काम असतं आणि नवीन माणूस तिथेच घसरतो. मीही घसरले होते. पहिल्याच वर्षी एका आजींचा फोन आला. नातवाला शाळेतून आणताना बसथांब्यावर दोन तरुणांनी त्यांना घेरलं होतं. मुलाच्या डोक्यावर किप्पा, म्हणजे ज्यू पुरुष आणि मुलगे घालतात ती छोटी गोल टोपी, होता. "काय म्हणाले ते?" मी विचारलं. "घाणेरडं बोलले. आम्हा लोकांबद्दल." त्या रडत होत्या. मला पुढे खोदून विचारणं जिवावर आलं. मी लिहिलं: "ज्यूंविरुद्ध शिवीगाळ केली." पाच महिन्यांनी त्यातला एक तरुण दुसऱ्याच प्रकरणात सापडला आणि तो पूर्वीही असं वागला आहे का हे बघायला आमची नोंद मागवली गेली. तिच्यात त्याच्या तोंडचा एक शब्द नव्हता. होता तो माझा निष्कर्ष. आजींना परत विचारलं तर त्यांना नेमकं आठवेना. मी त्या दिवशी दयाळूपणे वागले असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात मी त्यांची साक्ष घालवली होती.

म्हणून पहिली गोष्ट ही की शब्द जसेच्या तसे लिही. शिवी असेल तर पूर्ण शिवी, फुल्या न मारता. आधी काय म्हणाले, मग काय म्हणाले, हसत होते की ओरडत होते. गॅस चेंबरचा फुसफुस आवाज तोंडाने काढला असेल (काढतात, शाळकरी पोरंसुद्धा काढतात) तर तसं लिही. "हिटलरचा उल्लेख केला" एवढ्याने भागत नाही. समोरच्या माणसाला ते शब्द उच्चारायची लाज वाटते, तो आपलाच दोष असल्यासारखा चाचरतो. मी म्हणते, "हे शब्द तुमचे नाहीत, त्यांचे आहेत. तुम्ही ते फक्त माझ्याकडे देऊन टाका." काही जण फोनवर बोलत नाहीत, नंतर लिहून पाठवतात. चालेल. फक्त त्याच दिवशी.

त्यानंतरचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आणि विचारायला सगळ्यांत अवघड: "तुम्ही ज्यू आहात हे त्यांना कशावरून कळलं असेल?" हा प्रश्न नीट नाही विचारला तर ऐकणाऱ्याला वाटतं, "तुम्ही किप्पा घातलाच कशाला?" असं आपण म्हणतोय. आधी सांगून टाकायचं की हे का विचारतेय. उत्तरं निरनिराळी येतात: शाळेचा गणवेश, गळ्यातला सहा टोकांचा ज्यू तारा, सिनेगॉगसमोर (ज्यूंच्या प्रार्थनास्थळासमोर) लावलेली गाडी, पार्सलवरचं आडनाव. आणि कधी कधी उत्तर येतं, "त्यांना कळणं शक्यच नव्हतं." हेही तितक्याच इमानदारीने लिहायचं.

एक दार सांगते. एका भाड्याच्या घरात राहणाऱ्या गृहस्थांच्या चौकटीवरचा मेझुझा रात्री कोणीतरी उपटून जिन्यात टाकला. मेझुझा म्हणजे ज्यू घरांच्या दाराच्या उजव्या बाजूला, बऱ्याचदा तिरकी, बसवलेली छोटी डबी, आत हाताने लिहिलेल्या प्रार्थनेचा चर्मपत्राचा तुकडा. पहिल्या नोंदीत लिहिलं गेलं होतं: "दाराच्या शोभेच्या वस्तूचं किरकोळ नुकसान." लिहिणाऱ्याने काही मुद्दाम केलं नव्हतं, त्याने ती वस्तू कधी पाहिलीच नव्हती. मला ती ओळखू आली कारण ठाण्याला आमच्या शेजारी बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंब होतं. त्यांच्या घरी जाता-येता मावशी त्या डबीला बोटं लावून बोटांचं चुंबन घ्यायच्या आणि लहानपणी मीही त्यांच्यासारखंच करायचे. त्या गृहस्थांकडे गेले तेव्हा चौकटीवर चार खिळ्यांची भोकं आणि रंग न उडालेली एक तिरकी पट्टी होती. त्याच मजल्यावरच्या बाकीच्या तीन दारांना ओरखडासुद्धा नव्हता. एक शब्द बोलला गेलेला नसताना हेतू दिसतो तो असा. त्या तीन दारांचाही फोटो नोंदीला जोडला.

आता ठरवायचं कसं. इथे दोन चाळण्या आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. 1993 मध्ये लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला. पोलिसांनी तपासाची जी वाट लावली तिच्या चौकशीचा मॅकफर्सन अहवाल 1999 मध्ये आला. त्याने सांगितलं की पीडिताला किंवा इतर कोणालाही घटना वर्णद्वेषी वाटली तर ती तशी नोंदवून घ्या. म्हणजे पोलिसांनी दारातच "छे, तसं काही नसेल" म्हणायचं नाही. आज ब्रिटनमधल्या पोलिसांची द्वेषगुन्ह्याची नोंद याच पायावर उभी आहे. अर्थात नोंद म्हणजे सिद्धता नव्हे, न्यायालयात हेतू वेगळा सिद्ध करावा लागतो.

दुसरी चाळणी कम्युनिटी सिक्युरिटी ट्रस्टची. ब्रिटनमधल्या ज्यूंच्या सुरक्षेसाठी काम करणारी ही संस्था. तिच्याकडे 1984 पासूनच्या नोंदी आहेत. त्यांची अट जास्त कडक आहे: ज्यू व्यक्ती, संस्था किंवा मालमत्तेविरुद्ध दुष्टाव्याने केलेली कृती हवी आणि तिच्यात ज्यूद्वेषी आशय, ज्यूद्वेषी हेतू किंवा ज्यू म्हणून, अगदी ज्यू समजून, निवड केल्याचा पुरावा हवा. "ज्यू समजून" हे शब्द विसरू नकोस. सिनेगॉगचा ख्रिस्ती रखवालदार मार खातो तेव्हा ती घटना ज्यूद्वेषाचीच असते. उलट, ज्यू माणसाचं पाकीट मारलं गेलं आणि दुसरं काहीच घडलं नाही, तर ती चोरी. वर्गवारी ते सहा भागांत करतात. जिवावरचा हल्ला, मारहाण, मालमत्तेची नासधूस, धमकी, अपमानास्पद वर्तन आणि छापील द्वेषसाहित्य. ती तुला दोन दिवसांत हाताला बसेल.

इस्रायलचा प्रश्न. तुझ्या मनात तो सगळ्यांत मोठा आहे हे कळतंय. इंटरनॅशनल होलोकॉस्ट रिमेंबरन्स अलायन्सची ज्यूद्वेषाची 2016 ची व्याख्या ब्रिटिश सरकारने त्याच वर्षी स्वीकारली. ती स्वतःच म्हणते की इतर कोणत्याही देशावर होते तशी टीका इस्रायलवर झाली तर तो ज्यूद्वेष नव्हे. तिच्यावर आक्षेप आहेत. तिचा मसुदा मुख्यत्वे ज्यांनी लिहिला त्या केनेथ स्टर्न यांनीच विद्यापीठांत बोलण्यावर बंधनं घालायला तिचा वापर होऊ नये असं सांगितलं आहे. 2021 मध्ये काही अभ्यासकांनी जेरुसलेम डिक्लरेशन नावाची पर्यायी मांडणीही केली. दोन्ही मुळातून वाच. पण रोजच्या टेबलावर मी आधी बघते ती दिशा: वाक्य कुणाकडे तोंड करून बोललं गेलं? गाझामधल्या बॉम्बफेकीविरुद्ध मोर्च्यात दिलेली घोषणा, कितीही जळजळीत असो, माझ्या वहीत येत नाही. तीच घोषणा ज्यू प्राथमिक शाळेच्या फाटकाशी उभं राहून आठ वर्षांच्या मुलांच्या अंगावर ओरडली तर येते, कारण त्या मुलांची निवड ती ज्यू आहेत म्हणून झाली. पंतप्रधानाला खुनी म्हणणं हे राजकीय मत. "तुम्ही ज्यू सगळे पोरांचे रक्तपिपासू" हे राजकीय मत नव्हे, तो मध्ययुगापासून चालत आलेला रक्ताचा आळ आहे, ज्यू लोक ख्रिस्ती मुलांना मारून त्यांचं रक्त वापरतात असा. तुला हे जुने आळ ओळखता यायला हवेत: रक्ताचा, विहिरीत विष कालवल्याचा, पडद्याआडून जग चालवल्याचा. नवीन घोषणांच्या खाली बहुतेक वेळा यांपैकीच एक सापडतो.

आणि ज्या तक्रारी तू नाकारशील, त्यांचीही नोंद ठेव. हे मी अगदी कळकळीने सांगते. नाकारलेल्या प्रत्येक तक्रारीपुढे कारण लिहायचं, एका ओळीत का होईना. ट्रस्टसुद्धा दरवर्षी शेकड्यांनी तक्रारी तपासून बाजूला ठेवते आणि ते अहवालात सांगते. सिनेगॉगचे फोटो काढणारा अनोळखी माणूस सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो, पण द्वेषाच्या आकड्यात तो धरला जात नाही. पीडितांच्या बाजूच्या माणसांना वाटतं की जास्त घटना मोजल्या म्हणजे जास्त न्याय होईल. मला तसं वाटत नाही. एक ओढूनताणून घुसवलेली घटना बाहेर आली की तिच्यासकट खऱ्या शंभर घटनांवर लोक बोट ठेवतात. आजींची घटनासुद्धा मग "ते तर काहीही मोजतात" या वाक्यात वाहून जाते. ज्यांचं खरंच बिघडलंय त्यांच्यासाठी आपण कठोर राहायचं.

आकड्यांकडे येते. ट्रस्टने 2022 साठी 1,662 घटना नोंदवल्या. 2023 चा आकडा पहिल्यांदा जाहीर झाला तो 4,103. त्यातल्या 2,699 घटना 7 ऑक्टोबर, म्हणजे हमासने इस्रायलवर हल्ला केला तो दिवस, आणि त्यानंतरच्या. त्या हल्ल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यातला आकडा त्यानंतरच्या कुठल्याही आठवड्यापेक्षा मोठा होता. हे थांबून वाच. तोपर्यंत गाझामधली जमिनीवरची लष्करी मोहीम सुरूही झाली नव्हती. ज्यूंवर हल्ला झाल्याच्या बातमीने इथल्या ज्यूंवर तुटून पडायला काहींना बळ आलं, असाच त्याचा अर्थ मी लावते. वार्षिक बेरजेत हे दिसत नाही, तारीखवार मांडलं तर दिसतं. म्हणून घटनेची तारीख आणि तक्रारीची तारीख कायम दोन वेगळ्या रकान्यांत लिही.

पुढच्या वर्षीच्या अहवालात 2023 चाच आकडा 4,296 झालेला होता, कारण लोक महिन्यांनी, कधी वर्षाने सांगायला येतात. 2024 चा आकडा 3,528. तेव्हा "घट झाली" असं म्हणताना कुठल्या आकड्याशी तुलना करतोय ते बघायचं. पोलिसांचे आकडे आणखी निराळे: इंग्लंड आणि वेल्समध्ये मार्च 2024 ला संपलेल्या वर्षात ज्यूंविरुद्धचे धार्मिक द्वेषगुन्हे 3,282, त्याआधीच्या वर्षी 1,543. 2021 च्या जनगणनेत ज्यू होते सुमारे 2 लाख 71 हजार, लोकसंख्येच्या अर्धा टक्का; आणि सगळ्या धार्मिक द्वेषगुन्ह्यांतला सुमारे एक तृतीयांश भाग त्यांच्याविरुद्धचा. दोन्ही मोजण्यांचं वर्ष वेगळं, अट वेगळी. पोलीस गुन्हे मोजतात, ट्रस्ट गुन्हा न ठरणाऱ्या घटनाही मोजते. एकात दुसरा मिळवायचा नाही. मोजणीचे नियमही बघून घे: एका पत्त्यावरून शंभर घरांत टाकलेलं एकच पत्रक ही एक घटना, शंभर नव्हेत. आणि ट्रस्ट इंटरनेट धुंडाळत बसत नाही, कोणी कळवलं तरच धरते.

द्वेष दुप्पट झाला का, याला एका शब्दात उत्तर नाही. युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने 2018 मध्ये बारा देशांतल्या सुमारे 16,500 ज्यूंना विचारलं होतं. ज्यांना त्रास झाला त्यांच्यातल्या 79 टक्के लोकांनी स्वतःची सर्वांत गंभीर घटनाही कुठेच कळवली नव्हती. म्हणजे आपल्यापर्यंत येतं ते पाचातलं एक. विश्वास वाढला, फोन नंबर माहीत झाला, तरी आकडा वाढतो. माझा स्वतःचा ताळा असा की किरकोळ शिवीगाळ आणि मारहाण दोन्ही वाढली तर द्वेष वाढला असं मी धरते, कारण मारहाण कळवण्याचं प्रमाण सहसा फारसं बदलत नाही. फक्त शिवीगाळ वाढली तर आधी बघते की मागच्या महिन्यात कोणत्या शाळेत आपण माहिती द्यायला गेलो होतो.

लोक का सांगत नाहीत, याचं एक कारण तुला म्हाताऱ्या माणसांकडून कळेल. ते नाव द्यायलाच तयार नसतात. युरोपात ज्यूंच्या नावांच्या याद्या कोणत्या कामाला आल्या ते त्यांच्या घरात माहीत आहे. 27 मार्च 1943 ला अ‍ॅमस्टरडॅममध्ये डच प्रतिकार चळवळीच्या लोकांनी शहराचं नागरिक-नोंदणी कार्यालय पेटवून दिलं, ते त्या याद्या नाझींच्या हाती राहू नयेत म्हणून. आपल्या गोव्याचंच बघ. 1560 मध्ये तिथे पोर्तुगीजांनी इन्क्विझिशन, म्हणजे चर्चविरोधी श्रद्धांची चौकशी करून शिक्षा देणारं धर्मन्यायालय, आणलं. औषधी वनस्पतींवर लिहिणारे वैद्य गार्सिया द ओर्ता गोव्यातच 1568 मध्ये वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या बहिणीला, कातारिनाला, छुपी ज्यू म्हणून जिवंत जाळलं आणि 1580 मध्ये ओर्तांची हाडं उकरून जाळली. ते घरात ज्यू धर्म पाळत होते हे आपल्याला कळतं तेही चौकशीत वदवून घेतलेल्या जबान्यांतून. ती नोंद छळणाऱ्यांनी ठेवली होती. म्हणून नाव आणि घटना आमच्याकडे वेगवेगळ्या ठिकाणी राहतात, जोडणारा क्रमांक दोघांनाच माहीत असतो आणि नाव न देता आलेली तक्रारही आम्ही पूर्ण घेतो.

भेदभावाबद्दल तू विचारलं नाहीस, पण तो येईल. तिथे शिवी नसते, ओरखडा नसतो. डिसेंबरात लंडनला चारच्या आधी सूर्य मावळतो आणि शुक्रवारचा शब्बाथ, ज्यूंचा काम न करण्याचा आठवड्याचा पवित्र दिवस, सुरू होतो. एखादीच्या टीमची बैठक सप्टेंबरपर्यंत बुधवारी असते, ती सुट्टी मागते आणि मग दर शुक्रवारी दुपारी चारला बैठक लागायला लागते. एकेक घटना बघितली तर हाती काही लागत नाही. तिला सांगायचं की वही कर, तारखा लिही, ईमेल जपून ठेव. 2010 च्या समानता कायद्याखाली दाद मागता येते, पण मुदत कमी असते, कामाच्या ठिकाणच्या तक्रारीला काही महिन्यांचीच. त्यामुळे "बघू पुढच्या महिन्यात" म्हणायचं नाही.

भारतात अशी नोंद कोणी सरकारी पातळीवर ठेवत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात ज्यूंविरुद्धचा द्वेष असा रकाना नाही. दोन गटांत शत्रुत्व पसरवण्याचं कलम आहे, पूर्वीचं 153 अ, आता भारतीय न्याय संहितेचं 196, पण त्यात पीडित कोण होता हे आकड्यात दिसत नाही. 2011 च्या जनगणनेत देशभरात ज्यू पाच हजारांच्याही आत होते. महाराष्ट्राने 2016 मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. भारतातले ज्यू स्वतः अभिमानाने सांगतात की इथल्या शेजाऱ्यांनी आम्हाला छळलं नाही. अलिबाग-पेणकडच्या शनिवार तेल्यांचा (तेल गाळणाऱ्या, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायलींचा) इतिहास बघता ते खरं आहे आणि ते तसंच लिहायला हवं. मुंबईतल्या नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर 2008 मध्ये हल्ला झाला, रब्बी, त्यांच्या पत्नी आणि आणखी चौघं मारले गेले, तो बाहेरून आलेल्यांनी ज्यू म्हणून मुद्दाम निवडलेल्या घरावर केला.

पण एक घटना माझ्या कायम डोक्यात असते. 2006 मध्ये नवी मुंबईत हिटलरच्या नावाचं एक रेस्टॉरंट उघडलं. ज्यू समाजाने विरोध केल्यावर मालकाने नाव बदललं. त्याच्या म्हणण्यानुसार मनात ज्यूंबद्दल काही नव्हतं, लक्षात राहील असं नाव हवं होतं, एवढंच. प्रशिक्षणात मी नवीन लोकांना ही नोंद करायला देते. बहुतेक जण पहिल्यांदा "ज्यूद्वेष" लिहितात किंवा "अज्ञान" लिहून सोडून देतात. मी त्यांना सांगते की पाटीवर काय होतं ते लिहा, चित्र होतं का ते लिहा, कोणी तक्रार केली, मालक काय म्हणाला, किती दिवसांत पाटी उतरली ते लिहा. हेतूच्या रकान्यात "द्वेषाचा पुरावा नाही" आणि परिणामाच्या रकान्यात तिथल्या ज्यू माणसांनी स्वतःच्या शब्दांत जे सांगितलं ते. दोन्ही रकाने भरायचे.

तू मँचेस्टरला आहेस, म्हणून शेवटी हे. 2 ऑक्टोबर 2025 ला, योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यूंच्या सर्वांत पवित्र दिवशी, हीटन पार्कच्या सिनेगॉगवर हल्ला झाला. दोन उपासक मेले. त्यातल्या एकाला पोलिसांची गोळी लागली होती. आतल्या लोकांनी दारं दाबून धरली म्हणून हल्लेखोर आत शिरू शकला नाही. तुझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचं कोणी ना कोणी त्या दाराच्या आत होतं. ते फोन करतील एका फेकलेल्या अंड्याबद्दल आणि बोलतील त्या सकाळबद्दल. बोलू दे. अंड्याची नोंद अंड्याची कर, वेळ, जागा, शब्द, सगळं. बाकीचं ऐकून घे, ते लिहायचं नसतं. आणि फोन ठेवण्याआधी विचार की पुन्हा कधी फोन केलेला चालेल, तो वार आणि ती वेळ लिहून घे आणि त्या वेळी फोन कर. शुक्रवारी संध्याकाळी मात्र नको.